कापश्या आणि सहावी ‘ब’चा घट

ससा हा अत्यंत शांत, निरुपद्रवी आणि शाकाहारी प्राणी आहे, असं मी वीस वर्षं शाळेत शिकवत आले. त्यातलं ‘शाकाहारी’ तेवढं खरं निघालं.

आमच्याकडं ससा आला तो लेकीच्या, श्रावणीच्या हट्टापायी. पांढराफेक, म्हणून नाव कापश्या. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, द्राक्षाच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या ठोकून त्याला अंगणात लिंबाखाली घर बांधून दिलं. तिथं तो दीड वर्षं सुखात होता. गवत खायचा, कान हलवायचा, झोपायचा. (आमच्या घरात एवढं सुख दुसऱ्या कुणालाच नाही.)

मग भाद्रपद आला. भाद्रपदात परंड्यातल्या समस्त कुत्र्यांच्या अंगात काय संचारतं ते सांगायला नको. एका सकाळी बघते तर त्या पेटीची एक फळी उचकटलेली, आत एका कुत्र्याचं मुंडकं, आणि कापश्या धुण्याच्या दगडामागं लटलटा कापतोय. श्रावणीनं हंबरडा फोडला. मी कुत्र्याला खराटा हाणला आणि त्याच खराट्यासकट जाहीर केलं, “आजपासनं कापश्या घरात राहील!”

“घरात?” सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. “आगं मंगल, घट आठ दिसांवर आले. आन घरात जनावर?”

“आत्याबाई, ससा लई स्वच्छ असतो. एकाच जागी घाण करतो. मोबाईलवर वाचलंय मी.”

“मोबाईलला सोवळं ठावं हाय व्हय?”

या प्रश्नाला विज्ञानाकडं उत्तर नव्हतं. तरी मी एका घमेल्यात माती भरून कोपऱ्यात ठेवली आणि कापश्याला आत घेतलं.

आमचं घर तीन खोल्यांचं. राहणारी पाच माणसं, पण येणारी-जाणारी धरून आकडा कधी दहाच्या खाली येत नाही. त्यात हा सहावा. पहिल्या दिवशी त्यानं ह्यांच्या मोबाईलच्या चार्जरची वायर खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठटाचणाची वही. (ती खाल्ल्यावर तासभर तो सुस्त पडला होता. माझे विद्यार्थीही तसेच पडतात.) तिसऱ्या दिवशी मामंजी हातात एक कागद घेऊन ओसरीवर आले. कागदाला एक कोपरा नव्हता.

“सूनबाई, ह्यो सातबारा हाय.”

“व्हय, मामंजी.”

“आमच्या चार पिढ्यांत भावकीला जमली न्हाय एवढी जमीन ह्यानं एका घासात खाल्ली.”

ह्यांचं औषधाचं दुकान आहे. ते शांतपणे म्हणाले, “जुलाबाचं औषध देऊ का? जमीन परत मिळंल.” मी दोघांकडंही लक्ष दिलं नाही. कारण त्या आठवड्यात मी हवेत होते. आत्याबाईंनी मला घट दिला होता!

हे समजायला आमच्या घरचा घट समजला पाहिजे. नवरात्रात घट सगळ्यांच्याच घरी बसतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, मध्ये पाण्याचा घट, भोवती धान पेरायचं, रोज एक माळ चढवायची, अखंड दिवा ठेवायचा. बाकीच्या घरांत धान मिसळून पेरतात. आमच्यात मात्र घटाभोवती पाच वाटे करतात: ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस. बी आमच्याच शेतातलं, राखून ठेवलेलं. दसऱ्याला घट उठतो तेव्हा मामंजी वाकून बघतात. ज्या वाट्यात धान जोमानं आलं, त्याचा पेरा त्या रब्बीत जास्त. सोनारीच्या वाटेवर आमचं पाच एकर रान आहे, आणि त्या पाच एकरांचा निकाल त्या पत्रावळीत लागतो.

ही खरं तर बियाण्याची उगवण चाचणीच! मी एकदा मामंजींना तसं सविस्तर समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, “आसं का? मग तुमच्या शाळंवाल्यांनी ते देवीकडनं शिकलं आसंल.”

हा घट चाळीस वर्षं आत्याबाईंनी सांभाळला. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. घटस्थापनेच्या आठवडाभर आधीच त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “यंदापासनं घट तुझ्याकडं. पाणी तू घालायचं, माळ तू चढवायची. रानात काय पेरायचं ते त्यावर हाय, ध्यानात ठेव.” मी बी.एस्सी. झाले तेव्हा कुणी माझ्याशी इतक्या गंभीरपणे बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

“आन एक,” त्या म्हणाल्या. “ससा देवाम्होरं दिसला न्हाय पायजे.”

“माझी जबाबदारी, आत्याबाई!”

(हे वाक्य आयुष्यात सांभाळून वापरावं.)

आमचं देवघर म्हणजे मधल्या खोलीतला एक कोपरा. त्याला दार नाही. मी समोर दोन पाट आडवे लावले, त्यांना मामंजींच्या लोखंडी पेटीचा टेकू दिला आणि किल्ला तयार केला. परंड्यात राहून किल्ल्याचा एवढा अभ्यास तर होतोच. सहा माळा निर्विघ्न पार पडल्या. धान असं वर आलं, की आत्याबाई घोंगडीवर बसल्या बसल्या लांबून बघायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, “आमच्या मंगलचा हात लागलाय.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करत दोनदा त्याच खोलीतून जायची.

सातवी माळ. सकाळी अंघोळ करून मी पाट बाजूला केले, घटाला पाणी घातलं, माळ चढवली, हात जोडले. एवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. धावले. दूध उतरवलं, ओटा पुसला, चहा टाकला, श्रावणीच्या वेण्या घातल्या. वीस मिनिटांनी आले.

पाट बाजूलाच होते.

दिवा शांत तेवत होता. आणि घटासमोर, पूजेला बसल्यासारखा, कापश्या बसला होता. त्याच्या तोंडातून ज्वारीचं एक लांब पातं बाहेर आलं होतं आणि ते हळूहळू आत चाललं होतं. माझ्याकडं बघत त्यानं ते संपवलं.

घटाभोवती जणू कुणी वस्तरा फिरवला होता! पाचांपैकी चार वाट्यांत नुसती काळी माती आणि तीत खुंट. एका बाजूच्या वाट्यात तेवढी थोडी हिरवळ शिल्लक होती. आणि जमिनीवर, पोच पावती म्हणून, चार लेंड्या.

ह्यांनी आत डोकावलं. “अगं, हे का—”

“हळू बोला!”

“बाप रे,” ते हळू म्हणाले. “आईला सांगून टाक.”

“कोणत्या तोंडानं सांगू? त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला, मला सात दिवस जमला न्हाय, असं सांगू? परत त्या माझ्या हातात वाटी तरी देतील का?” ह्यांनी लेंड्या उचलल्या, मी ससा उचलला. वीस वर्षांच्या संसारात आमची कामाची वाटणी इतकी चटकन कधी झाली नव्हती.

आता निदान संध्याकाळपर्यंत तरी वेळ काढायला हवा होता. मामंजींनी रानाच्या बांधावरून कारळ्याची पिवळी फुलं पाटीभर आणून ठेवली होती. मी दहा मिनिटांत सगळ्या फुलांची एक माळ केली आणि घटाभोवती अशी गुंडाळली, की घटच काय, माती दिसेना.

“आज माळ लई दाट गं?” आत्याबाई म्हणाल्या.

“सातवी हाय ना, आत्याबाई. सातवी दाट असते.”

(हा नियम त्याच क्षणी जन्माला आला. संध्याकाळी गल्लीतल्या तीन घरांत सातवी माळ दाट झाली होती.)

शाळेत गेले, पण शिकवण्यात लक्ष कुठलं! नव्यानं पेरावं तर दसऱ्यापर्यंत बोटभरही यायचं नाही. डोकं धरून सहावी ‘ब’च्या वर्गात शिरले आणि जागीच थांबले. खिडकीत ओळीनं दह्याचे रिकामे कप मांडले होते. कपात माती, मातीत रोपं, प्रत्येक रोपाशेजारी आईस्क्रीमच्या काडीवर रोल नंबर. आमचा बियांच्या उगवणीचा प्रयोग! दहा दिवसांची हिरवीगार, तजेलदार रोपं. घटाच्या त्या एका बाजूला शिल्लक राहिलेली रोपं डोळ्यांपुढं आणली. अगदी तशीच! जुळलं!

“मुलांनो,” मी म्हणाले, “पुढचं निरीक्षण बाई घरी करणार आहेत.”

“बाई, माझं सगळ्यात उंच हाय. नीट सांभाळा,” एक पोरगी काळजीनं म्हणाली.

“अगं, अगदी देवासारखं सांभाळीन,” मी म्हणाले. (हे तरी खोटं नव्हतं.)

संध्याकाळी मामंजी आणि आत्याबाई गल्लीच्या आरतीला गेले. श्रावणी दारात पहाऱ्याला. ह्यांनी दुकानातून औषधाचे चमचे आणले. आणि आम्ही नवरा-बायकोनं, घट तसूभरही न हलवता, एकेक रोप कपातून काढून मातीत लावलं. काड्या मी स्वतः उपटल्या. वरून माळ सारखी केली. घट पुन्हा हिरवा झाला! कापश्या माझ्या साडीच्या घडीवर बसून हे सगळं बघत होता आणि पदर खात होता.

आठवी माळ, नववी माळ. आत्याबाई लांबून म्हणाल्या, “मंगल, तुझा हात खरंच चांगला हाय गं.” मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. त्यांचा तो आवाज मात्र अगदी मनापासूनचा होता.

दसऱ्याचा दिवस उजाडला. ह्यांचे चुलतभाऊ बाळू भाऊजी सकाळीच आले. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून, आणि मामंजी जे पेरतील तेच ते पेरतात. मामंजी कोरी टोपी घालून घटासमोर बसले. सगळे मागं उभे राहिलो. मामंजींनी माळ बाजूला केली. वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

“जवारी कुठं पेरली हुती?”

“तुमच्या उजव्या हाताला, मामंजी.”

“हितं हरबरा हाय.”

मी मान लांबवून बघितलं.

“आन गहू?”

“त्याच्या... पलीकडं.”

“तिथं बी हरबरा.”

करडईच्या जागी हरभरा. जवसाच्या जागी हरभरा. हरभऱ्याच्या जागी तर हरभरा होताच! सहावी ‘ब’ला मीच सांगितलं होतं, “मुलांनो, हरभरा घ्या, लवकर उगवतो.” आणि कापश्यानं चार धान्यं खाऊन जे एक आंबट म्हणून सोडून दिलं होतं, तेही हरभराच होतं. म्हणून जुळलं! ज्वारीचं पातं लांब आणि हरभऱ्याची पानं बारीक बारीक, हा फरक मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना फक्त हिरवं दिसत होतं.

मामंजींनी हात जोडले. “आईनं कौल दिला! पाची वाटं हरबरा. यंदा पाची एकर हरबरा!”

“आवं, आसं काय?” आत्याबाई दचकल्या. “जवारी न्हाय? मग वरीसभर भाकरी कशाची खायची? आन म्हशीला कडबा कुठनं आणायचा?”

“आई बघंल.”

“काका,” बाळू भाऊजींचे डोळे मोठे झाले होते, “जवारीच्या जागी हरबरा उगवला म्हंजी लई मोठा कौल झाला की! म्या बी तीन एकर हरबराच करतो.”

“कर की.”

“आज दुकानं उघडी हायत. बी आत्ताच घिऊन येतो!” आणि भाऊजी बाहेर पडलेसुद्धा.

मी भिंतीला टेकले. पाच आणि तीन, आठ एकर! दोन घरांची वर्षाची भाकरी, तीन जनावरांचा कडबा, आणि हे सगळं कशावर, तर सहावी ‘ब’च्या प्रकल्पावर! गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचत होती. आत्याबाईंनी ‘मंगलचा हात’ म्हणून गावभर सांगितलं असतं. आणि मार्चमध्ये म्हैस रिकाम्या दावणीतून माझ्याकडं बघत उभी राहिली असती. बाहेर गाडीला किक बसली. माझ्या पायांनी माझी वाट बघितली नाही. नवी साडी, अनवाणी पाय, मी गल्लीत धावले आणि गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

“भाऊजी, थांबा! ते आईनं न्हाय उगवलं! सहावी ‘ब’नं उगवलंय!”

दसऱ्याची सकाळ. अख्खी गल्ली दारात रांगोळी काढत होती. सगळ्यांचे हात थांबले.

“वैनी,” बाळू भाऊजी घाबरून म्हणाले, “उपास बाधला का तुम्हाला?”

मग मी तिथंच, रस्त्यात उभं राहून, दुधापासून दह्याच्या कपापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. सातव्या माळेचा नियमही सांगितला. समोरच्या काकूंनी डोक्याला हात लावला. त्यांनी त्या दाट माळेसाठी मळ्यातून एवढी फुलं मागवली होती. सांगून झाल्यावर मी मागं वळले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मामंजी त्यांच्या मागं.

मामंजींनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक आईस्क्रीमची काडी बाहेर काढली.

“सूनबाई, ह्यो रोल नंबर चौदा कोण हाय? पोरानं रोप झ्याक आणलंय.”

माझा आ वासला तो वासलाच. “मामंजी, तुम्हाला... कधीपासनं?”

“आठव्या माळंला. दिव्याची वात सारखी करताना मातीत घावली. आन काडी घावली नसती तरी पन्नास साल रानात गेली माझी. हरबरा मला वळखू येत न्हाय व्हय?”

“मग पाच एकर हरभरा?”

“कोण पेरतंय? जवारीचं बी कवाच चाळून ठेवलंय. म्हणलं, सून आपण हून कवा बोलती ते बघावं. तर बाळ्याच्या गाडीला किक बसंस्तोवर वेळ लावलास की!”

“काका, म्या खरंच निघालो हुतो!” बाळू भाऊजी कळवळले.

“तू निघणारच. म्हणून तर तुझ्याम्होरं बोललो.”

लोक हसले. मला हसू येत नव्हतं. मी आत्याबाईंपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “आत्याबाई, चुकले मी. घट तुमचा तुम्ही परत घ्या.”

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, “पुढच्या साली बी घट तूच बसवायचा.”

“आत्याबाई?”

“खोटं तुला पचत न्हाय. तीन दिस खाल्लं न्हाईस की झोपली न्हाईस आशी दिसायलीस. घट सांभाळायला आसंच माणूस लागतं.” माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “ससा मातर नऊ दिस माझ्या खाटंला बांधीन. तुझ्या जबाबदारीवर न्हाय.”

मग घट उठला. घरातल्या पुरुषांनी टोपीत हरभरा खोचला. उरलेली मूठभर रोपं मामंजींनी कापश्यापुढं ठेवली. कापश्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मामंजींनी घरातून ज्वारीचे चार दाणे आणून टाकले. ते त्यानं लगेच खाल्ले.

“बघितलंस?” मामंजी म्हणाले. “जवारी कुठली आन हरबरा कुठला, ह्याला बराबर कळतंय.” पुढं ते काही बोलले नाहीत. मोठे समजूतदार आहेत.

सुट्टीनंतर शाळेत गेल्या गेल्या रोल नंबर चौदाला मी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. मग सहावी ‘ब’ला ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या रोपांमधला फरक पुन्हा एकदा, फळ्यावर चित्रं काढून, सावकाश शिकवला. मुलांना तो आधीच येत होता. पण मी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.